पुलापलीकडे रूफस कुणाचा

४ ऑक्टोबर

रूफसला घेऊन पुलापलीकडच्या कॅफेत गेले आणि दारातूनच परत आले. मालक म्हणाला, “शिकाऊ मदतनीस कुत्र्याला आमच्या राज्यात मुभा नाही, बाई.” पुलाच्या अलीकडे आमच्या गावात तोच रूफस, तोच निळा पट्टा, आणि लोक खुर्ची सरकवून जागा देतात. मधे फक्त नदी — सात मिनिटांची वाट.

५ ऑक्टोबर

दोन्ही राज्यांचे कायदे वाचले. डोकं भणाणलं. इकडे कुत्र्याला शिकवणाऱ्यालाही त्याच्यासकट प्रवेश. तिकडे कुत्रा पूर्ण शिकलेलाच हवा. आणि पूर्ण शिकला हे ठरवायचं कुणी?

९ ऑक्टोबर

अपंगांच्या हक्कांची माहिती देणाऱ्या मदत केंद्राला फोन. तिथली बाई म्हणाली, “असा दाखला कुणी देत नाही. काम येत असेल तर तो शिकलेला — देशाचा कायदा आहे, सगळीकडे चालतो. दारात दोनच गोष्टी विचारतील : अपंगत्वामुळे तुम्हाला तो लागतो का, आणि काय काम करतो.”

म्हणजे मीच ठरवायचं? आकडी येण्याआधी रूफस माझ्या गुडघ्यावर नाक दाबतो. उन्हाळ्यापासून नऊदा आली, नऊही वेळा त्याने सांगितलं. मग त्याला शिकाऊ का म्हणते मी?

१० ऑक्टोबर

का ते ठाऊक आहे. लोक विचारतात, “कुणासाठी तयार करताय?” मी म्हणते, “आहे एक गरजू.” दोन वर्षं हेच. सख्ख्या बहिणीलाही हेच.

१२ ऑक्टोबर

बहिणीचा, आयडेलाचा फोन. “शनिवारी माझं निरोपाचं जेवण, वर्ना. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, तू निदान वेळेवर ये. आणि ते लोकांचं कुत्रं घरी ठेव.” जेवण पुलापलीकडच्या हॉटेलात!

ठेवलं, तर सगळ्यांदेखत ताटात कोसळेन. नेलं, तर दारात ते दोन प्रश्न.

१३ ऑक्टोबर

रूफसचा निळा पट्टा धुऊन वाळत घातला.

१४ ऑक्टोबर

नेला. दारातल्या मुलीने विचारलंच. मागे आयडेला उभी. म्हणाले, “मलाच लागतो. मला आकड्या येतात. तो आधी सांगतो.”

आयडेलाने मला हाताला धरून बाजूला नेलं, रूफसकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मलाही येतात गं, जूनपासून. म्हणूनच बस सोडली. असा कुत्रा असता, तर सोडावी लागली नसती का?”