तात्यांकडचं शनिवारचं वाचन

रविवार, १ सप्टेंबर
उपासनेनंतर आमच्या कॉलेज ग्रुपमध्ये सेवाकार्यं वाटली. बाकीच्यांनी एकेक घेतलं. मी चार घेतली: संडे स्कूल, दवाखान्यातल्या भेटी, जुन्या कपड्यांचं वाटप आणि तात्या. कॅप्टन (आमची ग्रुपलीडर, नाव मी ठेवलंय, तिला माहीत नाही) म्हणाली, झेपेल तेवढंच घे. महिनाअखेरीला चर्चमध्ये एका सेवेची साक्ष होणार, म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून अनुभव सांगायचा. ज्याची साक्ष, तो पुढचा लीडर. हे कुणी बोललेलं नाही, पण मला कळतं.
आईला सांगितलं. म्हणाली, आधी स्वतःची गादी उचल.

मंगळवार, ३ सप्टेंबर
पाचला उठून अभ्यास, मग कॉलेज, मग सेवा, मग काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटर, असं पक्कं ठरलं. गजर बिघडलाय. आई म्हणते, गजर ठणठणीत आहे, तोच बिचारा ओरडून ओरडून दमला. उद्यापासून.

शनिवार, ७ सप्टेंबर
तात्यांकडे पहिली भेट. तात्या कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन होते. आता गुडघे गेलेत, चर्चला येणं होत नाही. शनिवारी दुपारी मी त्यांना स्तोत्रं वाचून दाखवायची. आरामखुर्ची त्यांनी मला दिली, स्वतः खिडकीपाशी कॉटवर बसले. पहिल्याच स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीला मी मौन प्रार्थनेत गेलो. डोळे उघडले तेव्हा चहा आलेला होता आणि अंगावर चादर होती.

रविवार, ८ सप्टेंबर
संडे स्कूल सोडलं. मुलं लहान आहेत, माझी पातळी त्यांना झेपत नाही. एका चिमुरडीने पाळकसाहेबांना सांगितलं म्हणे, दादा गोष्ट सांगता सांगता थांबतात, मग पुढची आम्हीच सांगतो.

गुरुवार, १२ सप्टेंबर
कपड्यांचे ढीग लावले. उकडत होतं म्हणून जॅकेट काढून ठेवलं. ते वाटलं गेलं. आता हेही काम नको. दानधर्म पुरे.

शनिवार, १४ सप्टेंबर
तात्यांकडे मौन प्रार्थना जरा लांबली. पण त्या घरात वाचनाला मान किती! मी आलो की सूनबाई रेडिओ बंद करतात. कुकर मी निघाल्यावरच लागतो. भंगारवाला गल्लीत ओरडत आला, त्याला तात्यांनी खिडकीतून दबक्या आवाजात पुढे पिटाळलं. माझे कान तीक्ष्ण आहेत, डोळे मिटले तरी चालू असतात.
सूनबाईंनी विचारलं, दादा, मान अवघडत असेल, पुढच्या वेळी उशी देऊ का? मी म्हणालो, प्रार्थनेत शरीराचं भान राहत नाही. त्या आत गेल्या. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

गुरुवार, १९ सप्टेंबर
दवाखाना. ज्यांना धीर द्यायचा होता ते गाढ झोपले होते. शेजारची कॉट रिकामी होती, जरा टेकलो. नर्सबाईंनी माझं टेंपरेचर घेतलं. कॅप्टनला कुणीतरी कळवलंच. दवाखाना आता दुसऱ्याकडे. बरं झालं. एकाच सेवेत खोल जावं.

शनिवार, २१ सप्टेंबर
आज उभं राहूनच वाचणार होतो. आरामखुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. तात्या म्हणाले, बस रे बाळा, पाय दुखतील. त्यांना वाईट वाटू नये म्हणून बसलो. स्तोत्र अजून पहिलंच. लोक वरवर वाचतात.
काउंटरवर काका म्हणाले, शनिवारी तेवढा माणसात असतोस. सेवेचं तेज असणार.

शुक्रवार, २७ सप्टेंबर
कॅप्टनने सांगितलं, साक्ष तात्यांकडच्या सेवेची. तात्यांनाही आणणार आहेत. म्हणजे मीच. चार पानी भाषण लिहिलं, दोन ठिकाणी नम्रता घातली.

रविवार, २९ सप्टेंबर
पोरांनी तात्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. पाळकसाहेब म्हणाले, आता साक्ष. मी उठलो, कागद उलगडले. त्यांनी मला हातानेच खाली बसवलं आणि माइक तात्यांना दिला.
तात्या म्हणाले, "लोकांनी निवांत झोपावं म्हणून मी जन्मभर जागलो. गुडघे गेले, काम गेलं. रोज प्रभूला म्हणायचो, घरात नुसता पडून आहे, काहीतरी ड्यूटी दे. त्याने हा पोरगा धाडला. दमलेला असतो. दोन ओळी वाचतो आणि झोपतो. मी जागा असतो."
मंडळी हसली असती तर बरं झालं असतं. आई डोळे पुसत होती. कॅप्टनसुद्धा.
मग तिने पुढच्या महिन्याची सेवाकार्यं जाहीर केली. शनिवारी दुपारी सेवा करणार: तात्या. कोणाची, तर माझी. मी हरकत घ्यायला गेलो. तात्यांनी माझा हात धरला. विचारलं, येशील ना रे शनिवारी? आता कळलंय म्हणून टाळशील. त्यांची पकड सुटेना.
येतो म्हणालो.
या वेळी स्तोत्र पुरं करायचंच. आणि सूनबाईंना उशीचं हो सांगायचं.