राखेची पुरचुंडी

अण्णा, काल सकाळी झांबियातल्या जंगलात एका माणसानं खिशातून राखेची पुरचुंडी काढली आणि मला रडूच फुटलं. या वयात, परक्या मुलखात, चार अनोळखी माणसांसमोर! लेकीनं हट्टानं आणलंय मला इथे. जीपमध्ये बसून नव्हे, पायी हिंडून जनावरं बघायची. पुढे बंदूकवाला, त्याच्यामागे गाईड, मग आम्ही एका रांगेत, तोंडं मिटून. गाईडनं पुरचुंडी झटकली, राख कुठे उडते ते पाहिलं आणि हत्तींना आमचा वास लागू नये म्हणून वळसा घालून नेलं. बाकीचे कौतुकानं फोटो काढत होते. आमच्या शेवगावच्या माळावर हे रोजचंच होतं, हे त्यांना कोण सांगणार?

तुम्ही वनखात्यात गार्ड. आईच्या चुलीतली राख चाळून विरलेल्या फडक्यात बांधायचात. "माजी चूल बी सरकारजमा केली का?" म्हणून ती हसायची. काळवीट बघायला कुणी पाहुणे आले की तुम्ही त्यांना चालत न्यायचात, आणि सुट्टी असली की मी तुमच्या पाठोपाठ, अनवाणी, तुमच्या पावलावर पाऊल ठेवत. "वारं तोंडावर पायजे," तुम्ही सांगायचात, "पाठीवर आलं की आपली वर्दी आपल्याआधी पोचती." तुमची मूठ वर गेली की खाली बसायचं. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. घरात पाय आपटत हिंडणारी मी तिथे मांजरीसारखी चालायचे.

आणि तो दिवस. शिकारबंदीचा कायदा नुकताच आलाय. शहरातून एक बडा पाहुणा आलाय, त्याच्या खांद्यावर बंदूक आहे. "नुसतं बघायचंय," म्हणतो. तुम्हाला कळतंय, दहा वर्षांच्या मलाही कळतंय. तरी तुम्ही पुरचुंडी झटकता आणि चालू लागता. नाही म्हणायची तुमची छाती झाली नाही, अण्णा. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. पुढे मीही तीस वर्षं साहेबांच्या हाताखाली काढल्यावर तो उतरला. हिवराच्या झाडाच्या आडोशाला आपण बसलो. समोर कळप, मधोमध काळाभोर नर. पाहुण्यानं नेम धरला, तुम्ही मान खाली घातली, आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले. कळप उधळला, पाहुणा खवळला. तुम्ही त्याच्यादेखत माझा कान पिळलात. "गप बस म्हनून सांगितलं हुतं ना?"

घरी मात्र आईला म्हणालात, "पोरगी मुद्दाम वरडली. माज्यानं झालं न्हाई ते तिनं केलं." पुढच्या बाजाराला शेवगावातून माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणलेत. गल्लीतल्या एकाही पोरीच्या पायात धड चप्पल नव्हती तेव्हा! बक्षीस म्हणून मी ते वर्षभर मिरवले. ती गोष्ट तुम्ही मरेपर्यंत सांगितलीत, माझ्या लग्नात व्याह्यांनासुद्धा. मी दर वेळी खाली मान घालून ऐकायचे. लोकांना वाटायचं, पोर किती विनयशील.

अण्णा, मी हरणासाठी ओरडले नव्हते. जरा सरकले तर बाभळीचा काटा टाचेत घुसून मोडला. कळ मस्तकात गेली आणि ओरडले, बस्स. घरी येऊन न्हाणीत सुईनं मीच तो काढला. कुणाला सांगितलं नाही.

काल परतल्यावर गाईड प्रत्येकाचे बूट उलटे करून बघत होता. माझ्या बुटाच्या तळातून त्यानं बोटभर काटा ओढून काढला. मी त्या काट्याकडे बघतच राहिले. बक्षीसच द्यायचं तर तुम्ही फ्रॉक आणला असता, जिलेबी आणली असती. बूट कशाला? त्या दिवशी येताना तुम्ही पुढे होतात, पण मागे कोण लंगडतंय हे तुम्हाला वळून न बघता कळायचं. तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही मला शूर ठेवलंत. की त्या दिवशी घरातलं एक तरी माणूस धीट निघालं, असं तुम्हालाच हवं होतं? विचारायला हवं होतं मी. फार माया येते तुमची, आणि आता कुठे विचारू?

हे पान वहीतच राहील. काल संध्याकाळी गाईडनं विचारलं, राख बघून का रडलात? मी म्हटलं, माझे वडीलही असंच चालवायचे. मग लेकीसमोर त्याला काळविटाची गोष्ट सांगितली, तुम्ही सांगायचात तशीच. काट्याचं नाव काढलं नाही.