पाटीच्या मापाचे कप्पे

आई,

सगळं बदललं ते तिनं निळ्या ड्रमात नाक घातलं तेव्हा. ती कोण ते सांगतो, पण आधी गाडीचं, कारण तुला गाडीचंच ऐकायचं असणार. मी पिकअप घेतली. जुनी आहे, माझ्यापेक्षा थोडीच लहान असेल, हौद्याचा पत्रा इतका गंजला होता की उभं राहिलं की खालचा रस्ता दिसायचा. पण नाव माझं आहे तिच्यावर. बाबांना मुंबईला फोन केला तर म्हणाले, "शिक्षण अर्धं, गाडी अर्धी. पुरं काय करणारेस रे तू?" मी फोन कापला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच टायरला म्हणून पैसे पाठवले. तुझ्यापर्यंत इथल्या बातम्या पोचतात का मला माहीत नाही, म्हणून सांगतो, शिक्षण खरंच अर्धं आहे. महाडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. तिथं एकजण एका मुलीबद्दल, म्हणजे तिच्याचबद्दल, काहीतरी वाकडं बोलला, मी त्याला जिन्यातच धरला. सरांनी वडिलांना घेऊन ये म्हणून सांगितलं. मी बाबांनाही नेलं नाही आणि परत स्वतःही गेलो नाही.

ती आपल्या लांबच्या नात्यातली. घरची शेती मोठी, वडील शांत, बोलतानासुद्धा शब्द मोजून वापरणारे. तिनं रसायनशास्त्र पुरं केलं आणि आता एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये असते. त्या मारामारीनंतर ती माझ्यावर सगळ्यांपेक्षा जास्त चिडली होती. "मी सांगितलं होतं का तुला माझ्यासाठी भांड म्हणून?" एवढं म्हणाली आणि कितीतरी महिने बोललीच नाही. मी आपला तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर उभा. तिची बस वळेपर्यंत चहा हातातच गार. शेवटी तीच एकदा बसमधून उतरून आली आणि म्हणाली, इथं उभा राहून काय कमावतोस? त्याच आठवड्यात मी गाडी शोधायला लागलो.

पोलादपूरच्या मिस्त्रीनं मला आधीच बजावलं होतं. मला पुढं लाइटांची माळ हवी होती, दणदणीत टेप हवा होता. तो गाडीखालूनच ओरडला, "कुडपणच्या वळणावरनं खाली येताना टेप लावून गाडी थांबंल काय तुजी?" मग सगळे पैसे ब्रेकमध्ये गेले. पुढचे टायर नवे, मागचे रिमोल्ड. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा घातला, म्हणजे वजन घेतल्यावर गाडी बसायची नाही. हौद्याला भंगारातले पत्रे वेल्डिंग करून लावले, वर ताडपत्रीसाठी पायपाच्या कमानी. आणि माल ठेवायला म्हणून मी वसाहतीजवळच्या भंगारवाल्याकडून निळे ड्रम आणले, उभे चिरून त्यांचे ट्रे केले. स्वतःवरच खूश होतो. सगळं तयार झाल्यावर तिला बघायला बोलावलं. ती शिफ्ट सुटल्यावर आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. गाडीभोवती एक फेरी मारली, हसली, मग वाकून एका ट्रेमध्ये नाक घातलं. हसू गेलं.

"यात काय होतं?"

"काय असणार? धुतलेत मी. दोनदा, साबणानं."

"लेबल कुठंय?"

"खरवडलं. घाण दिसत होतं."

"बघण्यासारखं तेवढं एकच होतं, तेच खरवडलंस! यात काकड्या ठेवून लोकांना खायला घालणार तू?"

"अख्खा तालुका या ड्रमांत पाणी भरतो!"

"मग अख्खा तालुका चुकतो," ती म्हणाली. "मी रोज बघते यातून काय येतं ते."

डोकंच फिरलं माझं. ट्रेला लाथ मारली, तो लांब जाऊन आपटला. टामी, ती चाक खोलायची लोखंडी दांडी, उचलली आणि म्हटलं, त्या भंगारवाल्याला आत्ताच दाखवतो. तिनं अडवलं नाही. शांतपणे दार उघडून गाडीची चावी काढली, पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "जा ना. चालत जा."

गेलो चालत. हायवेवरून ट्रक जात होते, टामी हातात जड होत होती आणि थोडं पुढं गेल्यावर तू आठवलीस. आपल्या वाडीच्या खालचा तो फाटा. तू टेम्पोत भाजीच्या बांबूच्या पाट्या चढवल्यास, मला वर बसवलंस, आणि पुढच्या वळणावर कुणाच्या तरी लग्नाचं सामान उभं होतं. ड्रायव्हर म्हणतो, "बाय, उतर, जागा नाय." आपल्या पाट्या त्यानं रस्त्यावर अक्षरशः टाकल्या. एक कलंडली आणि काकड्या गटारात. टेम्पो निघाला तसा मी दगड उचलून भिरकावला. आणि तू मला दिलीस एक ठेवून, इतकी जोरात की कान गरम झाला. "दगड मारलास म्हून गाडी आपली झाली काय रं? चल, काकड्या गोळा कर." आपण झऱ्यावर बसून एकेक काकडी धुतोय. मी रडतोय. मग तूच विचारतेस, "आपली गाडी असती तर कशा ठेवल्या असत्यास रं?" मी म्हणतो, एकावर एक. तू हसतेस. "खालच्यांचा चिखल व्हईल की." मग मी म्हणतो, कप्पे करू, एकावर एक कप्पे. "आनि मी कुटं बसू?" पुढं, खिडकीला. त्यानंतर पोलादपूरच्या प्रत्येक बाजाराला आपण चालत जाताना ती गाडी बांधायचो. कधी तिला छप्पर यायचं, कधी भोंगा. मग तुला कावीळ झाली आणि गाडी तशीच राहिली.

मी परत फिरलो. ती मागच्या फाळक्यावर पाय हलवत बसली होती आणि माझा वडापाव खात होती. "मारलास त्याला?" म्हणाली. मी टामी जागेवर ठेवली आणि तिला फाट्यावरच्या दगडाची गोष्ट सांगितली. तुझ्याबद्दल मी कधीच काही बोललो नव्हतो तिच्याशी. तिनं सगळं ऐकलं, खाणं थांबवून. "काच फुटली?" मी म्हटलं, फुटली. मग म्हणाली, "आणि त्या कप्प्यांचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो, माळ्यावर चढलो आणि तुझी पाटी खाली काढली. एका बाजूचा बांबू उंदरांनी खाल्लाय, बाकी घट्ट आहे. वाडीतल्या सगळ्या बायकांच्या पाट्या एकाच माणसानं विणलेल्या, सगळ्यांचं माप एकच. मग माल पाटीतून काढून दुसऱ्या कशात भरायचाच कशाला? पाटी घेऊन वेल्डरकडे गेलो, म्हटलं, ही आत सरकली पाहिजे आणि वर हात जाईल एवढी जागा. तो म्हणाला, "आयला, लोक मापाची टेप घेऊन येतात, हा पाटी घेऊन आला." पण त्यानं कप्पे अगदी तसे केले. खाली गोणपाट, पुढं आडवी पट्टी, म्हणजे उतारावर पाटी पुढं यायची नाही. चिरलेले ड्रम मिस्त्रीनं जळकं ऑइल साठवायला नेले.

खरा घोळ पुढंच होता. बायका माल द्यायला तयार नव्हत्या. तू गेल्यावर बाजाराच्या वाटेवर काकी पुढारी झाली, अजून तीच आहे. मी गाडी वर नेली, सगळ्या येऊन हात लावून बघून गेल्या, आणि काकी कमरेवर हात ठेवून म्हणते, "गाडी ब्येस हाय. माल तुज्या गाडीत घालू, पन तुजं डोकं कुटं घालू? वाटंत कुनाशी लागलास, तर आमच्या भाज्या बसतील उनात." बाकीच्या हसल्या. माझ्या तोंडाशी आलं होतं की मग जा त्याच टेम्पोवाल्याकडं, फेकून घ्या पाट्या. गिळलं. म्हटलं, काकी, एक फेरी. एक काकडी जरी चेपली तरी परत विचारणार नाही. काकीनं कमरेवरचे हात काढले. "आईवानी बोललास पयल्यांदा," म्हणाली. "बरं. येक फेरी."

ती फेरी आज आहे. गणपतीच्या आधीचा बाजार, पडवळ, शिराळी, काकड्या, सगळ्यांच्या वेली भरल्यात. आधी पोलादपूर, मग महाड, आणि उरलं तर शिफ्ट सुटताना वसाहतीच्या नाक्यावर. नाक्याची कल्पना तिची. म्हणाली, निदान आता तिथं उभं राहून काहीतरी विकशील. आणि असंही म्हणाली की महिनाभर कुणाशी न भांडता गाडी चालवलीस तर मी घरी आपल्या लग्नाचं बोलते. घाटात मागून कुणी भोंगा वाजवत बसलं, तर मी काय करीन, मला अजून माहीत नाही. रात्री झोपताना मी मनातल्या मनात लोकांना पुढं जाऊ देत होतो. मिस्त्रीनं ब्रेक पुन्हा बघून दिलेत. माझ्यातले कुणी बघायचे?

बाहेर पाट्या चढतायत. मी इथं चुलीजवळ बसून लिहितोय आणि आवाज येतोय, "अगो, तुजी वरच्या कप्प्यात घाल, जड हाय का?" "तू घाल गो, माजी नातीसारखी जपलीय." तुझी पाटीही खालच्या कोपऱ्यात घातलीय मी, तिच्यात ताडपत्रीची दोरी आहे. खिडकीची जागा काकीनं आधीच पकडली. तिला म्हटलं, ती आईची आहे. म्हणाली, "म्हाईत हाय. म्हून तर बसलेय."

हे कुठं टाकायचं नाही, तुझा पत्ताच नाही. घडी करून फळीवरच्या डब्याखाली ठेवतो. एकच राहिलं. तिला मी सांगितलं की काच फुटली. तुला माहीत आहे, माझा दगड टेम्पोला लागलाच नव्हता, करवंदीच्या जाळीत गेला. आज नाक्यावर भेटली की सांगेन. हसेल, हसू दे.

काकी भोंगा वाजवतेय. निघतो. दार ओढून घेतो.