फोनवरचा जांभळा

१६ सप्टेंबर, सोमवार

कापडाचे बावीस थान उघडायले लावले एका बाईनं. बावीस! मग एकेकाचा फोटो काढला अन् म्हणे, "माताजी, एक बार ऑनलाइन देख लेती हूँ." मी म्हटलं, "देख बाई, अन् ह्या घड्या पण ऑनलाइनच घालून दे." तोवर ती स्कूटीवर बसली होती. हात दुखून राहिले माझे.

हं. वहीबाई, राम राम. आता बोलू.

ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. ह्या हिंदी मुलखात, तात्यापाऱ्यातलं हे मॅचिंगचं दुकान यजमानांनी काढलं, ते गेल्यावर मी बसते. आज सुशील रेल्वेच्या ऑफिसातून थेट इथंच आला. आईची आठवण आली असेल म्हणून चहा सांगितला. चहा पिऊन म्हणे, "आई, एक पार्सलवाली कंपनी आपला गाळा मागून राहिली. डबे ठेवायले. दसऱ्यापर्यंत पाहू. गिऱ्हाईक दिसलं तर ठेवू, नाही तर देऊन टाकू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मले उत्तर पाहिजे."

पितृपक्षात गिऱ्हाईक मोजते! नवं कापड कोण घेते ह्या दिवसांत? पोट्टा माझा, पण डोकं बापाच्या बहिणीवर गेलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभरात एक अस्तर विकलं. संध्याकाळी ते परत आलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज इतकी हासली की कवळी सुटली!

समता कॉलनीतली विनोदिनी आली. महिला मंडळाची सेक्रेटरी. मागं चौघी, अन् प्रत्येकीच्या काखेत पुठ्ठ्याचा डबा. नवरात्राच्या नऊ रंगांच्या नऊ साड्या अख्ख्या मंडळानं फोनवरून मागवल्या. डबे उघडले तर फॉल नाही, अस्तर नाही, अन् ब्लाउजपीस एवढुसा, की विनोदिनीची एकच बाही व्हावी.

"काकू, वाचवा!"

"दुसऱ्या बाहीसाठी फोन करून पाहिला का?" मी विचारलं.

बाकीच्या चौघी पदर तोंडाले लावून हासल्या. विनोदिनी पण हासली, मनाची मोठी आहे. आधीच तीस बायकांच्या साड्यांत एकाच जांभळ्याच्या तीन तऱ्हा निघाल्या म्हणे, मंडळात भांडण लागलं.

मी तिची साडी घेऊन पायरीवर आली. ट्यूबलाइटात मी रंग पाहत नाही. उन्हात धरली — अन् काय बाप्पा! म्हणे जांभळा. ठार चॉकलेटी! "पाहा, पाहा, फोननं फसवलं तुले!" मी इतकी ओरडली की समोरचा भांडेवाला बाहेर आला. विनोदिनीनं साडी पाहिली, मग अनुश्रीकडे पाहिलं.

अनुश्री म्हणजे सुशीलची पोट्टी. कॉलेज बुडवून मदतीले आली. मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. म्हणे, "आजी, आप बाहर बैठो. थान निकाल दो बस, काटूँगी मैं." बरं झालं. माझे गुडघे पायरीवर बसायचे, तिचे पाय दुकानात फिरायचे.

२९ सप्टेंबर, रविवार. घट बसले

रांग! माझ्या दुकानापुढं रांग! कोणी तेलीबांध्याहून, कोणी थेट अभनपूरहून बसनं. सगळ्यांच्या हातात डबे. एक पोट्टी तर पार्सलवाल्या भैयाले सोबतच घेऊन आली, म्हणे इथंच उघडते. भैया पण थांबला पाहायले. मी त्याले म्हटलं, "रोज आणत जा रे बाबा, असेच आणत जा!" त्याले वाटलं मी वेडी आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

बोर्डावर लिहून घेतलं, "ऑनलाइन साडीचे दुःख येथे दूर होईल." 'दुःख' शब्द अनुश्रीले विचारून लिहिला, तो शब्द यायच्या आधीच मी चौथीत शाळा सोडली होती. फॉल संपले. अस्तर दोनदा मागवलं. जेवायले वेळ नाही, अन् भूक पण नाही!

५ ऑक्टोबर, शनिवार

आज निळी म्हणून हिरवी साडी आली एकीची. मी हिरव्याच्या फळीवरून, न पाहताच, थान काढलं, अनुश्रीनं आत नेलं, कापलं, पिशवीत घालून दिलं. बाई खूश. म्हणे, "काकू, तुमच्यासारखी नजर नाही कोणाची." दहा दिवसांत एक पीस परत आला नाही. एक! कंपनीवाल्यांनी सांगून दाखवावं असं!

७ ऑक्टोबर, सोमवार

सुशील आला. गर्दीत त्याले आत शिरता येईना! बायका म्हणतात, "भैया, लाइन से आओ." माझ्याच पोराले! मी पायरीवरून पाहून न पाहिल्यासारखं केलं. शेवटी त्याले फॉलची बंडलं उचलायले लावली. घामाघूम झाला. जाताना म्हणे, "आई, परवा सकाळी उत्तर दे. मी काही जबरदस्ती करत नाही."

आता कशाची जबरदस्ती करते! उत्तर तोंडात तयार आहे. पाठ पण करून ठेवलं, दोन टोमण्यांसकट.

८ ऑक्टोबर, दसरा

सूनबाई सोनं द्यायले वाकली. तिच्या नव्या ब्लाउजची बाही माझ्या बोटांले लागली. तिच्यासाठी मी तलम रुबिया काढला होता. ही बाही जाडसर पॉपलिनची. बोटं काही फसत नाहीत.

अनुश्रीले आत बोलावलं. दार लावलं. "काहून बदलला?"

रडायले लागली. "आजी, पहले दिन से बदल रही हूँ. आप बैंगनी को चॉकलेटी बोल रही थीं. नीले को हरा." अन् बायका? सगळ्यांना माहीत होतं म्हणे. विनोदिनीले सगळ्यात आधी.

म्हणजे तो जांभळा जांभळाच होता.

मोतीबिंदू असेल. तो दिवाळीनंतर पाहू, रडायचं काम नाही. उद्या सकाळी सुशील विचारेल, दुकान ठेवायचं की द्यायचं. मी तोंड उघडणार नाही. दुकान तिच्या नजरेवर चाललं, उत्तर पण अनुश्रीनंच द्यायचं.