काटा मध्यावर

७ जानेवारी, मंगळवार

गाडी पुन्हा तापली. आईला मशीनवर सोडून येताना, शहरातल्या शहरात! सिग्नलला उभी, आणि काटा लालात. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला, खिडक्या उघडल्या, तेव्हा कुठे उतरला. बाहेर त्रेचाळीस, आत भट्टी. शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता, बाईला वेड लागलं की काय म्हणून.

शनिवारी निघायचंच आहे. आईची मूत्रपिंडं गेल्यापासून मंगळ-गुरु-शनि ते डायलिसिसचं मशीन, आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जमधली ही भाड्याची खोली. दोन वर्षं झाली, तिने वाळवंटातल्या आपल्या वस्तीचं तोंड पाहिलेलं नाही. शनिवारी मशीन झालं की मंगळवारपर्यंत सुट्टी. तेवढ्यात जाऊन यायचं. मंगळवारी सकाळी तिला मशीनच्या खुर्चीत बसवायची म्हणजे बसवायची. चुकलं तर छातीत पाणी भरतं, हे नर्स जॅनिसने मला पढवून ठेवलंय.

८ जानेवारी

मामेभाऊ सेल्विन आला. बॉनेट उघडून आधी पोटभर हसला. "रेडिएटरमध्ये कुरण लावलंयस का गं?"

वस्तीकडच्या कच्च्या रस्त्यावर, दोन चाकोऱ्यांच्या मधल्या पट्टीवर ते काटेरी गवत वाढतं ना, त्याचं बी. गच्च बसलेलं. वारा शिरायला जागाच नाही. इंजिनाच्या बाजूने पाण्याचा पाइप धरला आणि हळूहळू बाहेर काढलं. जोर लावला तर पत्र्याचे पापुद्रे वाकतात. मग पुढे बारीक जाळी बांधली.

आतलं पाणी सोडलं तर काळ्या चहासारखं! "हे कुठलं?" वस्तीवरच्या बोअरचं, म्हटलं. "केटलीत थर बसतो तो दिसतो तुला. इंजिनात बसत नसेल होय?" बोलायला याचं काय जातं. मागच्या खेपेला तिथे मला दुसरं मिळणार होतं कुठलं? धुऊन घेतलं, कूलंट आणि स्वच्छ पाणी अर्धंअर्धं भरलं. थर सगळा निघालेला नाही म्हणतो. नवा रेडिएटर अ‍ॅडलेडहून येईल, पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा कोणाला हवाय.

आई दारात बसून बघत होती. म्हणाली, "तिचं नि माझं दुखणं एकच. पाणी साफ होत नाही."

सेल्विन: "आत्या, तुलाही पाइप लावू का?"

इतकी हसली की ठसका लागला. बऱ्याच दिवसांनी.

९ जानेवारी

जॅनिस म्हणाली, "जाऊ नका म्हणत नाही, नोरीन. मंगळवार तेवढा चुकवू नका." चुकवते कशी.

११ जानेवारी, शनिवार

मशीन सुटल्या सुटल्या निघालो. गाडीला पाण्याचे दोन मोठे कॅन. आईला डब्यात बर्फाचे तुकडे, चघळायला. तिला पाणी मोजून. मला त्या कॅनांचा राग येत होता, तिला नाही.

डांबर होतं तोवर काटा मध्यावर. मग वाळू, खालचा गिअर, आणि वारा पाठीमागून. पाठचा वारा म्हणजे रेडिएटरला हवाच नाही. काटा चढला. एसी बंद, हीटर पूर्ण. मशीननंतर आई नेहमी गारठलेली असते. पांघरुणातून हात काढले आणि त्या झोतासमोर धरले. "आता कशी माणसांची गाडी झाली. शहरात मेले सारखा गार वारा सोडतात अंगावर." मी घामाने निथळतेय आणि ही बाई खुशीत, एकेका टेकडीचं नाव घेतेय.

तरी दोनदा थांबले. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं, इंजिन चालू ठेवायचं, वाट बघायची. टोपण उघडून पाहावंसं वाटत होतं. मागे असंच उघडलं होतं, त्याचा मनगटावरचा भाजल्याचा डाग बघितला आणि हात आवरला.

पोचलो. आईची बहीण, डुल्सीमावशी, दारातच रडत उभी होती. आई म्हणाली, "आलेय ना मी, आता कशाला रडतेस?"

१२ जानेवारी, रविवार

आई सकाळपासून झाडाखाली वाळूत, बायकांच्या घोळक्यात. कांगारूचं शेपूट भाजलं होतं. दोन घास खाल्लेन. मी दिवसभर गाडीपाशी. जाळीतलं बी काढलं, पंख्याचा पट्टा तपासला, इंजिन गार झाल्यावर पाणी घातलं. शहरातून आणलेलं. बोअरचं नाही!

मावशी: "आईपाशी बस की जरा. गाडी काय पळून जातेय?"

पळायलाच हवी तिने. उद्या पहाटे, हवा गार असताना.

१३ जानेवारी, सोमवार

सामान भरलं, गाडी सुरू केली. आई उठलीच नाही.

"गाडी चांगली केलीस पोरी. मला आणलंस. आता पुरे."

म्हटलं, उद्या मशीन आहे.

"ठाऊक आहे मला."

भांडले. वाट्टेल ते बोलले. मावशीवर ओरडले, तुला आधीपासून माहीत होतं म्हणून. तिने मान खाली घातली. आई नुसती माझा हात धरून बसली, तिचा बर्फासारखा. मी हट्टाने इंजिन तसंच चालू ठेवलं. ऊन वर आलं, काटा चढायला लागला, तेव्हा जाऊन बंद केलं.

वस्तीवरच्या दवाखान्यातून जॅनिसला फोन लावला. आईशी ती बराच वेळ बोलली. मग मला म्हणाली, "त्यांनी नीट विचार केलाय, नोरीन. त्रास होऊ नये म्हणून औषधं काढून ठेवते. तू घेऊन जा."

तिला त्रास होऊ द्यायचा नाही. एवढं तरी मी करणारच.

१४ जानेवारी, मंगळवार

एकटीच शहरात आले. औषधं घेतली, आईचं जाडं पांघरूण घेतलं. तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या, असं सांगितलं. आता लगेच परत.

येताना वारा समोरून होता. काटा अख्खी वाट मध्यावर. गरज नव्हती, तरी हीटर चालूच ठेवला होता.