डावा गुडघा

२० फेब्रुवारी, सोमवार

मेलबर्नहून परत आले. डोक्याचे फोटो, एका रेघेवरून चालणं, डॉक्टरांचं नाकासमोर नाचणारं बोट — दर फेब्रुवारीचं तेच. वाटेत पेट्रोल भरायला थांबले, तिथूनच तीन फोन केले. आईला सांगितलं, घोड्यावर बसायला नाही म्हणाले. कोलला सांगितलं, नाही म्हणाले. नायरीला सांगितलं, नाही म्हणाले.

आई म्हणाली, "देव पावला!" मला तिचा असा राग आला!

सोळाव्या वर्षापासून कोलच्या तबेल्यात जॉकी व्हायला शिकले. अजून 'बॉस'च म्हणते त्याला.

२ मार्च, गुरुवार

ऑनर्सचं वर्ष सुरू. नायरी माझी मार्गदर्शक — न्यूझीलंडची, गमबूट घालूनच शिकवते. माझा विषय तिने एका ओळीत बसवला: रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्याचं हृदय, पाठीवर माणूस बसताना काय करतं? बारा घोडे. छातीला ठोके मोजायचा पट्टा बांधायचा, तीन मिनिटं नुसतं उभं करायचं, मग दुसऱ्या वर्षाची इमोजेन ठोकळ्यावर चढून पाठीवर बसणार. मी शेजारी घड्याळ घेऊन. शेजारी, म्हणजे जमिनीवर.

विद्यापीठाचा तबेला डेस सांभाळतो. चाळीस वर्षं रेसच्या घोड्यांचा मोतद्दार होता. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "काय गं ब्रॉनी, एवढुशी हाडं तुझी, आणि घोडा पुस्तकातून शिकणार?"

म्हटलं, घोड्यावरूनच पुस्तकात आले.

"मग पडलीस वाटतं."

बरोबर ओळखलं मेल्याने. पाच वर्षं झाली. शेवटच्या वळणावर पुढचा घोडा कोसळला आणि त्याच्यावर माझा. पुढचे अकरा दिवस मला आठवत नाहीत. नंतर दोन-तीन वर्षं झटके यायचे. म्हणून हे विद्यापीठ, म्हणून ही वही.

३ मार्च

सातव्या घोड्याचं नाव पिकल. एक कान फाटका. कुठलाच घोडा आवडून घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. आवडला!

१९ एप्रिल, बुधवार

पहाटे गवतावर पांढरं दंव पडलं होतं. इमोजेन पिकलला घेऊन मोकळ्या दौडीला गेली आणि मी कुंपणाला टेकून उभी राहिले. ती नीट बसते, पण घोड्याच्या मध्ये मध्ये करते. हात सैल सोड ना बाई! ओरडले नाही. ओठ चावत राहिले.

लोक विचारतात, वेगाची आठवण येते का? वेगाची नाही येत. आपण वर बसतो आणि खालचं जनावर एक श्वास घेतं, पोट फुगतं, आपल्या दोन्ही पोटऱ्यांना ते कळतं — त्याची येते. वजन उतरवायला कढत पाण्यात तासभर बसून घाम काढायचा, दिवसभर कोरा चहा आणि अर्धं सफरचंद. ते उपाशी दिवससुद्धा हवेसे वाटतात. मनाई आहे म्हणून गप्प बसायचं, दुसरं काय.

५ मे, शुक्रवार

आज आमच्या वॉगा गावच्या कपाची रेस. अख्खं गाव टोप्या घालून मैदानावर. मी पाण्याची टाकी घासली. स्वच्छ होती, तरी घासली.

११ जून, रविवार

सापडलं! सापडलं!! इमोजेन ठोकळ्यावर पाय ठेवायच्या अर्धा मिनिट आधीच ठोके वाढतात. छत्तीसवरून एकदम अठ्ठावन्न. बाराच्या बारा घोडे! तेव्हा इमोजेन अजून दाराजवळ असते, घोड्याला दिसतही नाही. मग त्याला कळतं कसं?

नायरीने आकडे दोनदा तपासले. म्हणाली, "पहिला वर्ग खिशात घातलास, पोरी. हे छापून येईल."

डेसला मिठी मारली. तो म्हणाला, "शेणाचे हात आहेत गं माझे!"

६ जुलै, गुरुवार

फ्लू. आठवडाभर अंथरुणात. घड्याळ डेसकडे दिलंय.

१७ जुलै, सोमवार

डेसचे आकडे सपाट! अख्ख्या आठवड्यात एकाही घोड्याचे ठोके आधी वाढले नाहीत. छत्तीस, पस्तीस, छत्तीस.

"पट्टा ओला केला होतास का म्हाताऱ्या? कोरडा पट्टा काही मोजत नाही!"

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून पट्टे बांधतोय मी. माझ्यावर कशाला डाफरतेस? तुझ्या घोड्यांना विचार."

चूक त्याचीच असणार.

२ ऑगस्ट, बुधवार

चूक त्याची नाही.

दर वेळेचं चित्रीकरण असतंच, पण मी आजवर फक्त घोड्याकडे बघत होते. आज स्वतःकडे बघितलं. मी घोड्याच्या डावीकडे उभी. हातात घड्याळ. अडीच मिनिटं झाली की मी खोगिराकडे वळते आणि माझा डावा पाय गुडघ्यात दुमडून मागे जातो. आपोआप! मग खाली येतो. बेचाळीस चित्रफिती पाहिल्या. बेचाळीस वेळा तो पाय वर.

रेसला जॉकी ठोकळ्यावरून चढत नाही. असाच पाय मागे दुमडून उभा राहतो, कुणीतरी नडगी धरतं आणि त्याला वर फेकतं. त्यानंतर पळायचं असतं. या बारा घोड्यांनी तो दुमडलेला गुडघा आयुष्यभर पाहिलाय. त्यांना इमोजेनची चाहूल लागत नव्हती. त्यांना वाटत होतं, मी बसणार आहे.

डेसचा आठवडा गाळून टाकला तर कुणाला पत्ता लागणार नाही. पहिला वर्ग, पुढची शिष्यवृत्ती, सगळं जागच्या जागी राहील. हे मनात आलं. खोटं कशाला लिहू?

३ ऑगस्ट

नायरीला चित्रफिती दाखवल्या. ती आता ओरडणार म्हणून मी दाराकडे सरकले होते. तिने डेसलाच बोलावून घेतलं. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "जित्याची खोड! माझ्या डोळ्यांसमोर पाय हलवत होतीस आणि मला नवल वाटलं नाही. जॉकी असंच उभे राहतात."

नायरी म्हणाली, "दोन महिने आहेत. पुन्हा मोज. निम्म्या वेळा पाय दुमडायचा, निम्म्या वेळा नाही. आणि प्रबंधात लिही की हा गुडघा तुझा आहे." मग डेस गेल्यावर हळूच म्हणाली, "इतकं बसावंसं वाटतं तुला?"

मी हुंदके देऊन रडले. हो. इतकं वाटतं. झोपेतून उठल्यावर पहिल्यांदा तेच वाटतं.

१९ सप्टेंबर, मंगळवार

नाणं उडवून ठरवतो. छापा आला तर गुडघा. छाप्याला ठोके चढतात, काट्याला चढत नाहीत. प्रबंध आता आधीपेक्षा पक्का झालाय.

आज एक विचित्र झालं. छापा आला, मी पिकलशेजारी पाय दुमडला आणि डेसने जुन्या सवयीने माझ्या नडगीखाली हात घातला. उचललंही नाही बिचाऱ्याने. मी किंचाळून मागे उडी मारली, पट्ट्याची वायरच तुटली. "डॉक्टरांनी नाही म्हटलंय!" असं ओरडले. सगळा तबेला बघायला लागला.

डेस म्हणाला, "अगं हो, हो. नुसता हात लागला."

तुटलेली वायर तीनदा उलटी जोडली. रागाने असेल.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिला एकदाचा प्रबंध! इमोजेनने केक आणला. केकवर साखरेचा घोडा, पाच पायांचा. म्हणाली, "पाचवा तुझा."

७ नोव्हेंबर, मंगळवार

मेलबर्न कपाचा दिवस. दुपारी तीनला सगळा देश थांबतो तसे आम्हीही थांबलो. तबेल्यामागे शेगडीवर सॉसेजेस, भिंतीला टीव्ही. आणि कोल आला! अडीच तास गाडी चालवून, न कळवता. केस सगळे पांढरे झालेत. डेसची आणि त्याची जुनी ओळख निघाली, दोघे एकमेकांना यथेच्छ शिव्या देत बसले.

रेस संपल्यावर कोलने मला बाजूला घेतलं. "तुझा प्रबंध वाचला. निम्मा कळला. गुडघ्याचा भाग चांगलाच कळला." मग बुटाने माती उकरत म्हणाला, "माझ्याकडे दोन म्हाताऱ्या घोड्या आहेत. पहाटे हळू फिरवायच्या, रेस नाही, काही नाही. मला तूच हवीस."

"बॉस, डॉक्टर..."

"मग फेब्रुवारीची वाट कशाला बघतेस? उद्या फोन लावून विचार त्यांना. शुक्रवारी मला सांग. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे, पण तिचे हात तुझ्यासारखे नाहीत."

पाच वर्षं हेच तर ऐकायचं होतं! जेवले नाही. आनंदाने पोट भरलंय, असं आईला फोनवर सांगितलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांना फोन केला नाही. करायची गरजच नाही. फेब्रुवारीतच ते 'हो' म्हणाले होते. हात मिळवून म्हणाले, "जा, बस घोड्यावर." नऊ महिने मी सगळ्यांशी खोटं बोलले, या वहीशीसुद्धा. मला भीती वाटते.