कळवायचं कोणाला

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचा! औषध कंपनी कसली, अख्खं गावच आहे. फाटकापासून चालता चालता माझी शीळ संपली. पॅकिंग खात्यात एक जागा आणि आम्ही अकरा जण. मुलाखत पाच दिवस चालणार, राहणं-खाणं त्यांचं. दारातल्या बाईंनी प्रत्येकाला वही दिली. रोज काय वाटलं, काय दुखलंखुपलं ते लिहायचं, संध्याकाळी जमा, सकाळी परत. सातवीनंतर पहिल्यांदाच इतकं लिहितोय. बाई इतक्या गोड बोलतात की सगळे त्यांना मावशीच म्हणायला लागले.

अर्जात रकाना होता, घरी कोणाला कळवायचं? मी लिहिलं, कोणी नाही. ताईचा नंबर दिला असता तर कान धरून घेऊन गेली असती. टायरच्या दुकानातून नेलंच होतं, गिऱ्हाइकांसमोर. सगळं सोसते आणि वर ओरडते. तिलाही माझ्याशिवाय आहे कोण? गंमत म्हणजे ज्यांनी नंबर लिहिले त्या आठ जणांना ‘कळवू’ म्हणून वाटेला लावलं. उरलो तिघं: मी, एक वेल्डर, एक आचारी. नशीब जोरावर आहे.

४, मंगळवार
कारखाना दाखवला. फरशीत तोंड दिसतं. माझी दाढ किडलीय हे तिथंच कळलं. एका यंत्रात गोळी ठेवतात, दोन जबडे दाबत जातात, फुटली की आकडा उमटतो. चांगल्या गोळ्या कशाला फोडता, विचारलं. यंत्रावरचा माणूस म्हणाला, फोडल्याशिवाय किती सोसते कसं कळणार? प्रत्येक बॅचमधल्या फोडायच्या आणि एक कपाटात राखून ठेवायची. आचारी पुटपुटला, आमच्या संसारासारखंच आहे. पोट धरून हसलो.

५, बुधवार
लिहिलं नाही तर उरलेली बोटं घेतील, म्हणून लिहितोय.

आधी वेल्डर आत गेला. भिंतीपलीकडून त्याच्या शिव्या, मग किंकाळी, मग काहीतरी ओलं फुटलं. मावशी फडकं न्यायला बाहेर आल्या. आम्ही पळालो, पण बाहेरच्या दाराला आतून मूठच नाही. आचाऱ्यानं खुर्ची फेकली. रखवालदारांनी त्याचा गुडघा उलटा वाकवला.

मग मी. तेच यंत्र, माणसाच्या मापाचं. डावा हात जबड्यात. आधीची नोकरी का सोडली? करंगळी. तुमचा मोठा दोष कोणता? अनामिका. आकडा उमटला. मग गोळी दिली आणि दुखणं थांबलं. आभार मानणार होतो, शप्पथ. मावशी म्हणाल्या, इतका आकडा अजून कोणाचा आला नाही.

६, गुरुवार
आचाऱ्याचं डोकं. मला समोर बसवलं होतं. त्याचे दात माझ्या पायाशी आले.

आकडा सगळ्यात मोठा, म्हणून राखून ठेवायचा तो मी.

मावशी वही घेऊन आल्या, सोमवारचं पान उघडं. बहीण आहे की, म्हणाल्या. मी रडलो. म्हटलं हो, शोधत येईल ती, सोडा मला. आणखी कोणी? नाही, आम्ही दोघंच. त्या हसल्या, अर्ज पुढं केला. म्हणाल्या, इथं गिचमिड खाडाखोड चालत नाही. चूक एका रेघेनं खोडायची, शेजारी सही आणि कारण. ‘कोणी नाही’ खोडून ताईचा नंबर लिहिला. वाटलं, सुटलो —

७, शुक्रवार
ताईचा आवाज. भिंतीपलीकडे. कुठं तडफडलास गाढवा, म्हणतेय —

तोंडाला पट्टा. उजवा हात तेवढा मोकळा, वहीसाठी.

मावशी सांगतायत, भावाला भेटायचं तर आधी अर्ज भरा.

पेन मागतेय ती.

ताई, त्या रकान्यात शेजारच्या काकूंचा नंबर लिही. दूधवाल्याचा. कोणाचाही —

“एकच भाऊ आहे. तो तर तुमच्याकडेच आहे.”

तिचे पट्टे आवळले. शिव्या घालतेय. मग —

मावशी आकडे वाचतायत, मोठ्यानं. माझ्या आकड्याच्या पुढं गेली. अजून —

ताई, इतकं सोसू नकोस. तू नेहमीच — राखून ठेवतील तुला — फूट, ताई, लवकर फू